पेन्सिल, उंदीर आणि एक अशुद्ध नमुना: सॅन होझे, १९८२

जुलै १९८२. कॅलिफोर्नियात सॅन होझे इथल्या सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये न्यूरॉलॉजी विभाग सांभाळणारे विल्यम लँगस्टन यांना एक रुग्ण दाखवण्यात आला. वय ४२. डोळे उघडे, पण पापणी जवळजवळ लवतच नाही. चेहरा तेलकट आणि कोरा, तोंडातून लाळ गळतेय. हात धरून वर उचलला की तो तिथेच, हवेत. आपणहून हालचाल नाही, शब्द नाही. आधी बघणाऱ्यांनी कॅटाटॉनिक स्किझोफ्रेनिया, म्हणजे माणूस गोठून जातो असा मनोविकार, असा तर्क केला होता, आणि समोरचं चित्र पाहता तो वावगा नव्हता.

लँगस्टन यांच्या नजरेला मात्र बोटं आली. बाकी शरीर पुतळ्यासारखं असताना बोटं अगदी किंचित हलत होती, आणि ती हालचाल उगाच होत असावी असं वाटत नव्हतं. त्यांनी रुग्णाच्या हातात पेन्सिल दिली, खाली कागद ठेवला आणि वाट पाहिली. अक्षरं उमटायला लागली. हळू, फार हळू. मला काय होतंय ते कळत नाही, काय करायचंय ते मला ठाऊक आहे, पण ते हातून घडत नाही, अशा अर्थाचं त्याने लिहिलं.

ही केस मी शिकवताना बऱ्याचदा सांगतो. ऐकणाऱ्यांचं लक्ष पुढच्या रसायनशास्त्राकडे धावतं, ते साहजिक आहे. मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची तपासणी ही पेन्सिलच वाटते. ना स्कॅन, ना रक्ताचा अहवाल. माणूस आत जागा आहे आणि फक्त बाहेर येण्याची वाट बंद झाली आहे, एवढं तिने सिद्ध केलं. मग निदान मनाच्या आजाराकडून हालचालींच्या आजाराकडे वळलं. अंग ताठ, सांधा वाकवताना दातेरी चाकासारखे झटके, पुढे झुकलेलं शरीर, न लवणाऱ्या पापण्या. ही सगळी लक्षणं एकत्र केली की पार्किन्सन्सच समोर उभा राहतो.

मराठीत आपण त्याला कंपवात म्हणतो. नाव सोयीचं आहे, पण थोडं फसवंही. थरथर डोळ्यांना दिसते म्हणून नाव तिच्यावरून पडलं. रुग्णाला जास्त छळतो तो ताठरपणा, आणि हालचाल सुरूच न होणं.

वय जुळेना, वेग जुळेना

पार्किन्सन्स साधारणपणे साठीच्या आसपास आणि पावलं न वाजवता येतो. एका बाजूचा हात चालताना कमी हलायला लागतो, अक्षर बारीक होतं, सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. दुसरी बाजू धरायला कधी वर्षं जातात. इथे चाळिशीतला माणूस दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, आठवड्या-दोन आठवड्यांत दगड झाला होता. असा पार्किन्सन्स कोणी पाहिलेला नव्हता.

त्याच्या मैत्रिणीचीही तीच अवस्था निघाली. तिकडे वॉट्सनव्हिल गावात जेम्स टेट्रूड या न्यूरॉलॉजिस्टकडे दोन तरुण भाऊ होते, असेच गोठलेले. दोन्ही गटांना जोडणारा धागा एकच: सगळ्यांनी रस्त्यावर ‘सिंथेटिक हेरॉइन’ म्हणून विकली जाणारी नवी पूड शिरेतून टोचून घेतली होती. पत्रकार परिषद घेऊन लोकांना सावध केलं गेलं, तेव्हा आणखी काही जण पुढे आले. इतक्या वाईट अवस्थेतले रुग्ण दहाच्या आतच होते. ती पूड घेतलेल्यांची संख्या मात्र त्याहून कितीतरी मोठी होती, हे पुढे लक्षात आलं.

पुडीत काय होतं हे कळायला एका विषशास्त्रज्ञाची स्मरणशक्ती कामी आली. असं काहीतरी आपण पूर्वी वाचलंय, असं तिला आठवलं. लेख १९७९ चा होता, आणि तो न्यूरॉलॉजीच्या नव्हे तर मनोविकारांच्या एका नियतकालिकात छापलेला होता. १९७६ मध्ये मेरीलँडमधल्या रसायनशास्त्राच्या एका २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने घरच्या प्रयोगशाळेत एमपीपीपी नावाचा पदार्थ बनवला होता. पेथिडिन या वेदनाशामकाचा हा चुलतभाऊ, पहिल्यांदा १९४७ मध्ये औषधाच्या शोधात तयार झालेला आणि पुढे कधीच बाजारात न आलेला. विद्यार्थ्याने तो काही महिने टोचून घेतला. एका खेपेला घाई केली, रीती सोडून जवळच्या वाटेने गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याचं शरीर ताठ झालं. त्यालाही सुरुवातीला कॅटाटोनियाच ठरवलं गेलं होतं. लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध दिल्यावर तो हलला, बोलला. दीड वर्षानंतर कोकेनच्या अतिसेवनाने त्याचा मृत्यू झाला, आणि शवविच्छेदनात मेंदूच्या बुंध्यातला सब्स्टॅन्शिया नायग्रा हा काळसर पट्टा उद्ध्वस्त झालेला दिसला. पार्किन्सन्समध्ये ज्या पेशी मरतात त्याच पेशी मेल्या होत्या.

म्हणजे उत्तर तीन वर्षं छापील स्वरूपात पडून होतं. त्या लेखकांनी विद्यार्थ्याच्या भांड्यांतला माल उंदरांना टोचूनही पाहिला होता. उंदीर थोडा वेळ ताठले आणि पुन्हा पळायला लागले. कायमचं काहीच झालं नाही, त्यामुळे नक्की कोणता पदार्थ दोषी हे ठरेना. ही उंदरांची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढे तिला फार महत्त्व येतं.

सॅन होझेच्या नमुन्यांत दोषी सापडला. एमपीपीपी बनवताना शेवटच्या पायरीवर प्रक्रिया बिघडली तर रेणूतून पाण्याइतका भाग निघून जातो आणि एमपीटीपी नावाचा वेगळाच पदार्थ उरतो. काही पुड्यांत तर जवळपास शुद्ध एमपीटीपीच होता. लँगस्टन, बॅलार्ड, टेट्रूड आणि अर्विन यांनी फेब्रुवारी १९८३ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात चार रुग्णांची हकिगत छापली. लेख जेमतेम दोन पानांचा.

लेव्होडोपाने उघडलेलं दार, आणि त्याची किंमत

उपचार काय करायचे याबद्दल फारसा वाद नव्हता. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन हे औषध देऊन मरगळलेल्या सशांना लेव्होडोपाने पुन्हा हलतं केलं होतं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंत डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा तुटवडा मोजून दाखवला. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपा तोंडाने, मोठ्या मात्रेपर्यंत हळूहळू चढवत देता येतं हे दाखवलं. डोपामिन स्वतः रक्तातून मेंदूत शिरत नाही, त्याचा कच्चा माल असलेला लेव्होडोपा शिरतो, आणि तिथे उरलेल्या पेशी त्याचं डोपामिन करतात. सोबत कार्बिडोपा दिलं की ते रूपांतर मेंदूबाहेरच होऊन वाया जाणं टळतं.

गोठलेले रुग्ण औषधाने सुटले. उठले, चालले, जेवले. पण सामान्य पार्किन्सन्समध्ये जे दुष्परिणाम यायला पाच-सात वर्षं लागतात, ते यांच्यात महिन्यांत आले. औषधाचा असर असेपर्यंत अंग आपोआप वळवळायचं, असर ओसरला की पुन्हा दगड. काहींना भासही व्हायला लागले. तोवर बऱ्याच डॉक्टरांची समजूत अशी होती की ही वळवळ लेव्होडोपा वर्षानुवर्षं घेतल्याने येते, म्हणून औषध होईल तितकं उशिरा सुरू करावं. या रुग्णांनी त्या समजुतीला धक्का दिला. औषध किती वर्षं घेतलं यापेक्षा ते साठवून बेताबेताने सोडणाऱ्या पेशी किती उरल्या आहेत, याला जास्त वजन आहे, हे इथे उघड दिसलं. औषध पुढे ढकलत बसण्याचा हट्ट अजूनही काही घरांत दिसतो, तेव्हा मला हे रुग्ण आठवतात.

एका रेणूचा प्रवास

आता मुख्य भाग. एमपीटीपी मेंदूत शिरून फक्त याच पेशींना का मारतो? १९८३ ते १९८५ या काळात हे कोडं ज्या वेगाने सुटलं, तसं औषधशास्त्रात क्वचित घडतं.

एमपीटीपी स्वतः विष नाही. तो स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतो, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यातली तटबंदी काही क्षणांत ओलांडतो. आत गेल्यावर चेतापेशींच्या शेजारी राहणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी त्याला गाठतात. त्यांच्याकडे मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी, थोडक्यात माओ-बी, हे एन्झाइम असतं. परकी अमाइनं मोडून निरुपद्रवी करणं हे त्याचं रोजचं काम. इथे मात्र त्याच्या हातून उलटंच घडतं. मोडायला गेलं आणि विष घडवून बसलं. दोन पायऱ्यांत एमपीपी प्लस तयार होतो, धन विद्युतभार असलेला रेणू.

हा रेणू ॲस्ट्रोसाइटमधून बाहेर पडतो. विद्युतभारामुळे त्याला पेशींच्या पडद्यांतून सहज आरपार जाता येत नाही, म्हणून बहुतेक पेशींना त्याचा फारसा त्रास नाही. पण डोपामिनच्या पेशींच्या पृष्ठभागावर एक पंप असतो, सोडलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारा. एमपीपी प्लस त्या पंपाला डोपामिनसारखा वाटतो. पंप इमानेइतबारे त्याला आत घेतो, पुन्हा पुन्हा, बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त साठा होईपर्यंत. बॉल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने १९८५ मध्ये हे दाखवलं. पंप अडवणारं औषध आधी दिलं तर छोटे उंदीर वाचतात, हेही त्यांनीच दाखवलं.

आत गेल्यावर दोन वाटा असतात. पेशीत डोपामिन साठवायच्या पिशव्या आहेत. विष त्यांत कोंबलं गेलं तर पेशी काही काळ वाचते. हे इतकं खरं आहे की १९९२ मध्ये रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या गटाने पिशवीच्या दारावरच्या पंपाचं जनुक याच युक्तीने शोधलं. पेशींत निरनिराळी जनुकं घातली, वर एमपीपी प्लस ओतला, आणि जी पेशी तगली तिच्यात काय घातलं होतं ते पाहिलं. विषालाच गाळणी म्हणून वापरण्याची ही कल्पना मला आजही सुंदर वाटते.

दुसरी वाट मायटोकॉन्ड्रियाकडे जाते. त्यांच्या आतला भाग ऋणभारित असतो, त्यामुळे धनभारित एमपीपी प्लस तिकडे ओढला जातो. तिथे ऊर्जा बनवणाऱ्या साखळीची पहिली कडी, म्हणजे कॉम्प्लेक्स-१, तो बंद पाडतो. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, आटतं, बिघडलेल्या साखळीतून घातक ऑक्सिजन-रेणू सांडतात, आणि पेशी मरते.

ही साखळी नीट बघितली की प्रत्येक पायरीवर एक दार आहे हे लक्षात येतं. माओ-बी अडवा, पंप अडवा, पिशव्या वाढवा, मायटोकॉन्ड्रिया सांभाळा. संशोधक नेमके त्याच दारांकडे धावले. पुढची फसगतही तिथेच सुरू झाली.

उंदीर का पळाले आणि माकड का गोठलं

१९८३ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने ऱ्हीसस माकडांना एमपीटीपी दिला. माकडं माणसांसारखीच गोठली, आणि लेव्होडोपाने सुटली. मेंदूत तोच काळा पट्टा रिकामा झालेला. तोवर पार्किन्सन्सचं इतकं हुबेहूब प्राण्यातलं रूप कोणाकडे नव्हतं.

मोठे उंदीर मात्र टिकतात. त्यांच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतींतच माओ-बी भरपूर असतं. एमपीटीपी आत पोचण्याआधीच दारात एमपीपी प्लस होतो, आणि विद्युतभारामुळे तिथेच अडकतो. १९७० च्या दशकातले ते उंदीर का पळाले, याच्या उत्तराचा मोठा भाग हा. चुकीचा प्राणी निवडला की निर्दोष प्रयोगही गुन्हेगाराला सोडून देतो. छोट्या उंदरांच्या काही जाती, विशेषतः काळ्या रंगाची सी-५७, बऱ्यापैकी बळी पडतात, म्हणून आज जगभर त्यांचाच वापर होतो.

या माकडांनी दिलेली सगळ्यात भरीव देणगी औषधाची नव्हतीच. महलॉन डीलाँग, हागाई बर्गमन आणि थॉमस विचमन यांनी त्यांच्या मेंदूत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून मोजमाप केलं. डोपामिन गेल्यावर सबथॅलॅमिक न्यूक्लिअस नावाचा, वालाच्या दाण्याएवढा भाग अति चेकाळलेला दिसला. १९९० मध्ये त्यांनी तो भाग नष्ट केला आणि गोठलेलं माकड हलायला लागलं. फ्रान्समध्ये ग्रनोब्लला अलीम-लुई बेनाबिद आधीपासून थरथरीसाठी मेंदूतल्या दुसऱ्या भागात विद्युत उत्तेजन वापरत होते. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने तेच तंत्र माणसाच्या सबथॅलॅमिक न्यूक्लिअसवर वापरलं. नष्ट करण्याऐवजी तारेने शांत करायचं, आणि नको असेल तेव्हा बंद करायचं. २००२ मध्ये अमेरिकेत त्याला पार्किन्सन्ससाठी मान्यता मिळाली. २०१४ चा लास्कर पुरस्कार डीलाँग आणि बेनाबिद यांना मिळाला तो यासाठीच.

इथे हे माकडांचं मॉडेल का चाललं, हे बघण्यासारखं आहे. प्रश्न होता: डोपामिन नसताना मेंदूच्या तारा कशा वागतात? डोपामिन विषाने गेलं की आजाराने, याने त्या उत्तरात फारसा फरक पडत नाही. हरवण्याचं कारण काहीही असो, हरवल्यानंतरचं घर तेच.

आणि जिथे चाललं नाही

आता दुसरा प्रश्न, रुग्ण पहिल्याच भेटीत विचारतो तो: हा आजार थांबवता येईल का?

सेलेजिलिन हे माओ-बी अडवणारं औषध. मूळचं हंगेरीतलं, युरोपात डोपामिन जास्त वेळ टिकावं म्हणून लेव्होडोपाच्या जोडीला दिलं जात होतं. १९८४ मध्ये उंदरांवर आणि माकडांवर दिसलं की ते आधी दिलं तर एमपीटीपी काहीच करू शकत नाही. एकही पेशी मरत नाही म्हणावं इतका बचाव. आनंदाला उधाण आलं. १९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात डेटाटॉप ही चाचणी सुरू झाली. अजून लेव्होडोपाची गरज न पडलेले ८०० रुग्ण घेतले. काहींना सेलेजिलिन, काहींना टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना औषध नसलेल्या नुसत्या गोळ्या.

१९८९ मध्ये पहिला निकाल आला. सेलेजिलिन घेणाऱ्यांना लेव्होडोपाची गरज बरीच उशिरा पडली, सरासरी नऊएक महिन्यांनी. टोकोफेरॉलचा उपयोग शून्य, हे १९९३ च्या निकालात स्पष्ट झालं. वर्तमानपत्रांनी आजार थोपवला असं मानलं. बारकाईने पाहिल्यावर घोळ दिसला. सेलेजिलिन मुळात डोपामिन टिकवतं, म्हणजे लक्षणं थोडी झाकतंच. रुग्णाला लेव्होडोपा उशिरा लागलं ते पेशी वाचल्या म्हणून, की लक्षणं झाकली म्हणून? पुढच्या वर्षांत तो फायदा टिकला नाही. आज सेलेजिलिन सौम्य लक्षणशामक म्हणून दिलं जातं, आणि ते काम ते नीट करतं.

या ठिकाणी मला जरा थांबायचं आहे, कारण चूक आकडेवारीत नव्हती, त्याआधीच्या विचारात होती. माकडं सेलेजिलिनने का वाचली? त्याने पेशींना बळ दिलं म्हणून नाही. त्याने विष बनूच दिलं नाही म्हणून. स्वयंपाकघरातली सुरी लपवली तर खून टळतो, पण त्यावरून सुरी लपवणं हे जखमेवरचं औषध ठरत नाही. पार्किन्सन्सच्या सामान्य रुग्णाच्या मेंदूत एमपीटीपी नाहीच. तिथे माओ-बी कोणतं विष बनवतं हे सांगता येत नसताना त्याला अडवून काय वाचणार? एखाद्या बाहेरच्या पण तशाच रेणूची शंका होती, हे मान्य. एमपीपी प्लस आणि पॅराक्वॉट हे तणनाशक रचनेने इतके जवळचे आहेत की एमपीपी प्लसची स्वतःचीही तणनाशक म्हणून चाचणी झाली होती. पण शंका आणि पुरावा यांत अंतर असतं, आणि चाचणी शंकेच्या बळावर उभी होती.

हीच गोष्ट पुन्हा घडली. १९८९ मध्ये पार्किन्सन्सच्या मृत रुग्णांच्या सब्स्टॅन्शिया नायग्रात कॉम्प्लेक्स-१ खरोखरच मंद आढळलं, तेव्हा मायटोकॉन्ड्रियाचा रस्ता भक्कम वाटला. मला तो आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही. मायटोकॉन्ड्रियाला हातभार लावणाऱ्या को-एन्झाइम क्यू-१० आणि क्रिएटिन यांनी एमपीटीपी दिलेल्या उंदरांच्या पेशी वाचवल्या. क्यू-१० ची मोठी चाचणी ६०० रुग्णांवर झाली, दिवसाला २४०० मिलिग्रॅमपर्यंत. २०११ मध्ये ती अर्ध्यावर थांबवावी लागली. क्रिएटिनची १७४१ रुग्णांवरची चाचणी २०१३ मध्ये थांबली. दोन्हींत नुसत्या गोळीपेक्षा काही जास्त मिळालं नाही.

उंदरात आपण काय करतो, ते डोळ्यांसमोर आणून बघा. संरक्षक औषध आधी, विष नंतर. पेशी काही दिवसांत मरतात आणि मग मरणं थांबतं. रुग्णाकडे असं वेळापत्रक नसतं. तो दवाखान्यात येतो तेव्हा त्या काळ्या पट्ट्यातल्या पेशींचा मोठा हिस्सा गेलेला असतो, आणि गळती चालूच असते. उंदराचा अपघात आणि माणसाची झीज एका मापाने मोजली गेली.

एमपीटीपीत काय नव्हतं

पार्किन्सन्सच्या मेंदूत मरणाऱ्या पेशींच्या आत गोल गाठी दिसतात, लेवी बॉडीज. १९९७ मध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचं जनुक काही कुटुंबांतल्या पार्किन्सन्सशी जोडलं गेलं, आणि लगेच कळलं की त्या गाठी मुख्यतः याच प्रथिनाच्या आहेत. शिवाय खरा आजार एका पट्ट्यापुरता नाही. वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं हे कित्येकदा थरथरीच्या बरंच आधी सुरू होतं. एमपीटीपीच्या रुग्णांत यातलं फारसं काही नव्हतं. त्यांचं नुकसान मुख्यतः एका जागी, एकाच वेळी झालेलं.

म्हणूनच त्यांच्यावरचे काही उपचार खऱ्या पार्किन्सन्सपेक्षा जास्त यशस्वी झाले. सॅन होझेच्या गटातले दोन रुग्ण १९८९ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला गेले. तिथे त्यांच्या मेंदूत दोन्ही बाजूंना गर्भपेशींचं प्रत्यारोपण झालं. १९९२ मध्ये छापलेल्या अहवालानुसार दोन वर्षांच्या सुमारास दोघांतही ठळक सुधारणा होती. त्यानंतर अमेरिकेत सामान्य पार्किन्सन्सच्या रुग्णांवर खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करून दोन चाचण्या झाल्या. २००१ आणि २००३ मध्ये त्यांचे निकाल आले आणि दोन्हींत मुख्य कसोटी पार झाली नाही. काही रुग्णांना तर औषध बंद असतानाही न थांबणारी वळवळ जडली. २००८ मध्ये, दहा वर्षांहून जास्त जगलेल्या प्रत्यारोपित पेशींतही लेवी बॉडीज सापडल्या. आजार तिथे अजून हजर होता, नव्या पेशींनाही तो सोडत नव्हता. एमपीटीपीच्या रुग्णांत जे विष नुकसान करून गेलं, ते केव्हाच शरीराबाहेर गेलेलं, आणि नुकसानही तिथेच थांबलेलं.

किंवा आपण तसं समजत होतो. १९९९ मध्ये लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी त्या गटातल्या तीन मृत रुग्णांच्या मेंदूंचा अहवाल छापला. एमपीटीपी घेतल्यापासून मृत्यूपर्यंत ३ ते १६ वर्षं लोटली होती. काळा पट्टा रिकामा, डोपामिनच्या पेशी गेलेल्या, लेवी बॉडीज नाहीत. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण काचपट्टीवर उरलेल्या पेशींभोवती मायक्रोग्लिया जमलेल्या होत्या, मेंदूच्या सफाई आणि संरक्षण करणाऱ्या पेशी, चिडलेल्या अवस्थेत. मरणाऱ्या चेतापेशी गिळतानाही त्या दिसल्या. ज्या पदार्थाने सुरुवात केली तो शरीरात काही दिवसच राहिला होता.